तबकातली काडेपेटी

पाऊस संपल्याची बातमी सोलापूर जिल्ह्यात सर्वांत आधी कोणाला कळत असेल, तर ती माझ्या मेहुण्यांच्या नाकाला. हवामान खातं परतीच्या पावसाबद्दल अजून चाचपडत असतं, वर्तमानपत्रं ‘आणखी दोन दिवस’ म्हणत असतात, आणि होटगीत एका सकाळी पावणेसहाच्या सुमाराला मेहुण्यांच्या घरातून पहिली शिंक निघते. ती निघाली की पाऊस संपला, गाजर गवत फुललं आणि आता दिवाळीपर्यंत सुटका नाही, ही तिन्ही वर्तमानं एकदमच जाहीर होतात. तुम्हीआम्ही शिंकतो ती शिंक. मेहुण्यांचा तो सोहळा असतो. आधी ते हातातली वस्तू खाली ठेवतात. मग चष्मा काढतात, त्याची घडी करतात आणि खिशात घालतात. मग डोळे अर्धे मिटून छताकडे बघत राहतात, आणि तेवढ्या वेळात समोरचा अनुभवी माणूस आपला चहा बशीने झाकून घेतो. मग ती येते, आणि कधी एकटी येत नाही. सात, नऊ, क्वचित अकरा. कोणी शिंकलं की घराबाहेर पडू नये हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो नियम एका शिंकेचा. अकरांचं काय करायचं हे कुठल्याच शास्त्रात नाही. शेवटी त्यांच्या गल्लीने आपसात ठरवून टाकलं की सम आकडा आला तर खुशाल निघायचं, आणि विषम आला तर घोटभर पाणी पिऊन निघायचं. एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं होतं, “मामा, नऊ झाल्या. अजून एक येतीया का बघा की. पोरीचा इंटरव्ह्यू हाय.” आणि मेहुण्यांनी उन्हाकडे तोंड करून पाच मिनिटं अगदी प्रामाणिकपणे प्रयत्न केला.

मेहुणे म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले भाऊ. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडी आणि निम्मं मराठी, त्यामुळे ती त्यांना अण्णा म्हणायची. आणि ते तिला, ती साठीला टेकली तरी, बेबी म्हणायचे. मी स्वतः एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. शांतता राखणं हेच माझं काम होतं आणि स्वभावही तोच. मेहुणे होटगी जंक्शनवर स्टेशन मास्तर होते. त्यांच्या हिशेबी शांतता म्हणजे गाडी लेट आहे, एवढाच अर्थ. निवृत्त झाल्यावर त्यांनी रेल्वे सोडली, पण रेल्वेने त्यांना सोडलं नाही. घरात त्यांनी एक लांबोळकी, जाड पुठ्ठ्याची वही ठेवली आहे आणि तिच्यात लाल शाईने रकाने आखले आहेत: तारीख, वेळ, संख्या, कारण, शेरा. ही शिंकांची नोंदवही. कारणाच्या रकान्यात ‘गाजर गवत (संशयित)’, ‘उदबत्ती’, ‘घरात मिरची भाजली’, ‘कारण समजले नाही, चौकशी चालू’ असं सगळं टिपलेलं असतं. एका ठिकाणी शेरा आहे, ‘मालगाडी जात होती, संख्येबद्दल खात्री नाही’. या वहीत खाडाखोड मला कुठे आढळली नाही, आणि वह्यापुस्तकं तपासण्यातच माझी हयात गेली आहे. शिंक दाबायला मात्र त्यांचा सक्त विरोध. महासाथीच्या दिवसांत सगळ्या जगाने तोंडाला मास्क बांधला तेव्हा त्यांनीही बांधला, पण शिंक आली की आधी तो काढून हातात धरायचे. मी एकदा म्हटलं, अहो, तो त्याचसाठी असतो. तर म्हणाले, “दाजी, रुळावर आल्याली गाडी हातानं आडवायची नसती. लाइन मोकळी करून द्यायची.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. अडचण होती ती भाऊबीजेची.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मेहुणे सकाळी आठच्या बसने आमच्याकडे आले. आमचं घर जुळे सोलापूरला, आणि शेजारचा प्लॉट तेव्हाही मोकळा होता, आजही आहे. त्याच्या मालकाला आम्ही कधी पाहिलं नाही, पण त्याचं गाजर गवत आम्ही दर वर्षी पाहतो. पाऊस सरला की ते कमरेएवढं वाढून पांढऱ्या बारीक फुलांनी भरून येतं. मेहुणे पाटावर बसले. पत्नीने त्यांना कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली आणि तबकातलं निरांजन त्यांच्या तोंडासमोर आणलं. मेहुण्यांनी चष्मा काढला. मला त्या खुणेचा अर्थ तोवर माहीत नव्हता. पुढच्या क्षणी ज्योत विझली होती, कुंकू उडालं होतं आणि तबकाच्या पितळेचा आवाज घुमत होता. माझ्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “ओवाळताना दिवा जाणं चांगलं नव्हं. भावाच्या आयुष्याला...” आणि पुढचं त्यांनी गिळलं. सगळे हसले. पत्नीही हसली. पण मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलो होतो, मला ती विझलेली वात बोटाने पुन्हा पुन्हा सरळ करताना दिसत होती.

पुढच्या वर्षीपासून तिच्या तबकात हळद, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी यांच्या शेजारी एक काडेपेटी असायची. मेहुणे चष्मा काढायचे तेव्हा ती तबक बाजूला धरायची, पण शिंकही काही कमी नव्हती, ती कुठूनही वळसा घालून ज्योतीला गाठायची. मग ती घाईगर्दी न करता उभी राहायची, काडेपेटी हातात घ्यायची आणि विचारायची, “झाल्या का सगळ्या?” मेहुणे डोळे मिटून एक बोट वर करायचे. म्हणजे अजून आहे. तीही झाली की काडी ओढायची. कुठल्या वर्षी दिवा दोनदा लागला, कुठल्या वर्षी चारदा. ती कधी रागावली नाही. पण नंतर तबक घासताना दर वर्षी एकच वाक्य म्हणायची, “एकदा तरी दिवा शेवटपर्यंत राहू दे. मला दुसरं काही नको अण्णाकडून.” हे तिने त्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. मला म्हणाले, “साडी मागितली असती तर दुपारच्या आत आणून टाकली असती, दाजी. हिनं नाक मागितलंय.”

इथून त्यांच्या उपचारांना सुरुवात झाली, आणि ते पुढे चौतीस वर्षं चालले. मेहुण्यांचा एक गुण असा की ते कुठलाही उपाय अर्ध्या मनाने करत नाहीत, आणि कुठलाही उपाय सांगितल्याप्रमाणेही करत नाहीत. कोणी वाफ घ्यायला सांगितली. घरोघरी लोक टॉवेल पांघरतात. यांनी मोराची नक्षी असलेली डबल बेडची सोलापुरी चादर घेतली, तिच्या आत पातेलं, ओवा, निलगिरीचं तेल आणि स्वतः असे सगळे बसले. तेवढ्यात गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला आणि सहीसाठी कागद पुढे करून उभा राहिला. घरात दुसरं कोणी नव्हतं. चादरीतून एक हात बाहेर आला, त्याने सही केली, कागद परत दिला आणि हात आत गेला. माणूस वळतो न वळतो तोच चादरीतला मोर एकाएकी फूटभर उडाला आणि आतून नऊ शिंका झाल्या. तो माणूस पुढे वर्षभर सिलिंडर फाटकाबाहेरच ठेवून हाक मारायचा.

एका योगशिबिरात त्यांना जलनेती शिकवली. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून ते एका नाकपुडीतून आत आणि दुसरीतून बाहेर, इतकी साधी गोष्ट. मेहुण्यांचं म्हणणं, चिमटीने गुण येत असेल तर मुठीने किती येईल? नेतीपात्राऐवजी त्यांनी स्टेशनवरची जुनी चहाची किटली घेतली, कारण तिची तोटी ‘ओळखीची’ होती. त्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. म्हणाले, “दाजी, अप लाइननं सोडलं तर डाउननं यायला पायजे होतं. आलंच न्हाय की. मधी कुटंतरी ब्लॉक हाय.” ते पाणी अखेर कुठून बाहेर आलं हे त्यांनी सांगितलं नाही, पण डोळे आठवडाभर लाल होते. मग कोणीतरी नाकात गाईचं तूप सोडायला सांगितलं. दोन थेंब सांगितले होते. यांनी चमचा वापरला. तुपाने शिंका थोड्या मऊ झाल्या असं त्यांचं मत पडलं, पण चौथ्या दिवशी उशीला मुंग्या लागल्या आणि माझ्या वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, निर्वाणीचं सांगितलं की या घरात आता एक तर तूप राहील नाही तर मी. मेहुण्यांनी थोडा विचार केला, याचं वहिनींना आजही वाईट वाटतं.

मधाची गोष्ट तर सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. ज्या फुलांचा त्रास होतो त्याच फुलांचा मध खाल्ला की शरीराला सवय होते, असं त्यांनी कुठेसं वाचलं. तेव्हा गाजर गवताचा मध हवा. केम गावात एकजण मधमाश्या पाळतो असं कळलं, रेल्वेचा पास खिशात होताच, निघाले. त्या माणसाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मास्तर, त्या गवतावर आमची माशीबी बसत न्हाय. तुमी कशाला बसताय?” केमला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, मध नाही तर नाही, मेहुण्यांनी बहिणीसाठी तिथलं नावाजलेलं कुंकू आणलं. पत्नीला ते फार आवडलं. वस्त्रगाळ, हलकं, बोटाला लागलं की रेशमासारखं. त्या भाऊबीजेला तिने तेच तबकात ठेवलं. वस्त्रगाळ कुंकू शिंकेपुढे किती दूर जातं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी समोरच्या खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यात बसलो होतो. त्या दिवशीचा फोटो आहे. त्यात औक्षण कोणाचं चाललं आहे हे अनोळखी माणसाला सांगता येणार नाही.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी ठरवलं की नाकाशी भांडण्यात अर्थ नाही, शत्रूच्या मुळावरच घाव घातला पाहिजे. भाऊबीजेच्या दोन दिवस आधी ते सकाळीच आमच्याकडे आले. अंगात रेनकोट, हातात मोजे, डोळ्यांना वेल्डिंगचा चष्मा, डोक्याला टॉवेल. नाक मात्र उघडं, कारण श्वास घ्यायला अडचण नको. शेजारच्या प्लॉटमध्ये शिरले आणि सातपासून अकरापर्यंत गाजर गवत उपटत राहिले. पत्नी कंपाउंडच्या भिंतीवरून ओरडत होती, “अण्णा, साकु! पुरे आता, अण्णा!” तर हे आतून सांगत होते, “थांब गं, टर्मिनस दिसाय लागलंय!” शेवटी त्यांनी उपटलेल्या गवताचा ढीग मोठ्या समाधानाने दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उचलला. एवढंच करायला नको होतं. त्या दिवशीची नोंद मी वहीत पाहिली आहे: संख्या एकतीस, शेरा ‘शत्रूच्या हद्दीत घुसून लढलो’. त्या भाऊबीजेला निरांजन पाचदा लागलं, आणि प्लॉटमध्ये पुढच्या पावसानंतर गवत दुप्पट आलं.

त्याच्याही आधी, नोकरीत असताना, एका वर्षी त्यांनी नाकाचा नाद सोडून दिव्याकडे मोर्चा वळवला होता. पिशवीतून रेल्वेचा हातकंदील काढून त्यांनी पाटाशेजारी ठेवला. जाड काच, वर दांडी. “हा घे, बेबी. वादळात विझला न्हाय कधी. ह्यानं ओवाळ.” पत्नीने कंदिलाकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि म्हणाली, “अण्णा, मी भावाला ओवाळतेय की मालगाडीला?”

खरा उपाय नव्हताच असं नाही. चार वर्षांपूर्वी तिनेच त्यांना हाताला धरून नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाकात मारायचा एक फवारा दिला आणि बजावून सांगितलं की हा शिंका सुरू झाल्यावर मारायचा नाही. हंगामाच्या आधीपासून रोज सकाळी, न चुकता, दिवाळीपर्यंत. मेहुण्यांनी तो देवघराच्या कप्प्यात ठेवला आणि धनत्रयोदशीला बाहेर काढला. दोन दिवस मारून पाहिला आणि निकाल दिला, “निव्वळ पाणी हाय.” तिने पुन्हा समजावलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, “पाऊस आल्यावर छत्री उघडायची असती. आदी उघडून कोण हिंडतं गं?” ती म्हणायची, “अण्णा, ही छत्री नव्हे. ही पेरणी आहे. आधीच करावी लागते.” पण आयुष्यभर समोर आलेल्या गाडीलाच झेंडा दाखवलेला माणूस; न आलेल्या गाडीसाठी उभं राहणं त्यांना पटत नव्हतं. मग तिने एक पद्धत पाडली. नवं कॅलेंडर घरी आलं की दूधवाल्याचे खाडे आणि विम्याच्या तारखा यांच्याही आधी ती भाद्रपदाचं पान काढायची आणि गणेश चतुर्थीच्या चौकटीत लिहायची, ‘अण्णा – फवारा सुरू’. त्या दिवशी होटगीला फोन करायची. ते ‘व्हय व्हय’ म्हणायचे आणि मारायचे नाहीत. असं तीन वर्षं झालं. तिन्ही वर्षी काडेपेटी लागली.

या वर्षी चैत्रात ती गेली.

याबद्दल मला फार लिहिता येत नाही. मेहुणे आले आणि दिवाणखान्यात भिंतीशी बसून राहिले. शिंकांचे दिवस नव्हते, त्यामुळे नाकाचाही आवाज नाही. तेरा दिवस आमच्या घरात जी शांतता होती तेवढी मी ग्रंथालयातही कधी राखू शकलो नव्हतो. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, “दिवा माझा विझायचा, दाजी. जायाला मी पायजे होतो.” मी त्यांची पिशवी बसपर्यंत नेऊन दिली.

नंतर कॅलेंडरचं पान उलटायचं राहूनच गेलं. भिंतीवर चैत्रच होता. गणपतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या मुलांचा ढोलांचा सराव ऐकून मी सगळी पानं एकदम उलटली, आणि चौकटीत तिचं अक्षर दिसलं. तिचं अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेलं असायचं. इथे ते थोडं थरथरलेलंही होतं. मग होटगीला फोन लावला. मी आपण होऊन फोन करणाऱ्यांतला नाही, त्यामुळे मेहुणे घाबरले.

“कोण, दाजी? काय झालं?”

“काही नाही. कॅलेंडरवर तुमचं नाव आहे.”

“कुटल्या कॅलेंडरवर?”

“हिच्या. उद्याच्या तारखेला. ‘अण्णा, फवारा सुरू’ असं लिहिलंय.”

त्यांच्या बाजूने एक मालगाडी जायला लागली. ती शेवटच्या डब्यापर्यंत त्यांनी जाऊ दिली. मग म्हणाले, “कवा लिव्हलं?”

“जानेवारीत. कॅलेंडर आलं तेव्हा.”

“तवा तर तिला...”

“हो. तेव्हा आम्हाला आजाराचं कळलेलं होतं.”

ते म्हणाले, “म्हंजे लेखी ऑर्डर हाय की. तोंडी असती तर इचार केला असता. लेखी ऑर्डर मोडता येत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माझा फोन वाजला. “दाजी, डावीकडं एक, उजवीकडं एक. नोंद केली.” आणि फोन बंद. तिसऱ्या दिवशीही तसंच, चौथ्या दिवशीही. पाऊस सरला तेव्हा पहिली शिंक नेहमीप्रमाणे आली, नऊच्या गटात आली, आणि मला वाटलं आता फवारा देवघरात जाणार. गेला नाही. पुढच्या आठवड्यात सहा, मग चार, मग दोन. ते मला आकडे सांगायचे आणि मी ऐकायचो. त्या दिवसांत मला दुसरा फोन फारसा येत नसे, त्यामुळे पावणेआठपासूनच मी चहा घेऊन त्या फोनजवळ बसायला लागलो. कोजागिरीनंतर एका सकाळी ते म्हणाले, “निरंक.” रेल्वेच्या कागदांत काही घडलं नाही की जो शब्द लिहितात तो. आवाजात आनंद होता की काय होतं हे मला ओळखता आलं नाही. “गल्लीत घोटाळा झालाय, दाजी. लोकांस्नी कामावर कवा निघावं ते कळंना. शेजारीण इचारत हुती, मामा, तब्येत बरी हाय न्हवं?”

वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत. आमच्याकडे यंदा ना कंदील लागला ना फराळ झाला. पुण्याहून आमची मुलगी मात्र चार दिवस येऊन राहिली होती. भाऊबीजेच्या सकाळी मेहुणे येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आठची बस चुकवणं त्यांच्या हाडात नाही. ते दारात उभे राहिले, पिशवी हातात, आणि पुढे काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं, मलाही कळत नव्हतं. मुलीला कळत होतं. तिने पाट मांडला होता आणि तबकही तयार केलं होतं.

“मामा, बसा.”

“अगं, भाची ओवाळत न्हाय मामाला.”

“असं कुठं लिहिलंय?”

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकांतला माणूस म्हणून. मी म्हटलं, माझ्या तरी वाचनात नाही. ते बसले.

तबकात हळद होती, कुंकू, अक्षता, सुपारी, तिच्या आईची अंगठी, निरांजन आणि काडेपेटी. ती मुलीने आठवण म्हणून ठेवली नव्हती. लहानपणापासून तिने ओवाळणीचं तबक असंच पाहिलं होतं, आणि सगळ्यांच्याच घरी त्यात काडेपेटी असते अशी तिची आजवर समजूत होती, हे तिने नंतर मला सांगितलं. तिने कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. निरांजन समोर आलं तेव्हा मेहुण्यांनी सवयीने चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे अर्धे मिटून छताकडे पाहिलं. मुलगी तबक बाजूला घेऊन थांबली. आम्ही तिघेही थांबलो. खिडकी उघडी होती, प्लॉटमधलं गवत वाऱ्याने हलत होतं. काही झालं नाही. तिने तबक पुन्हा समोर आणलं आणि ओवाळलं, एकदा, दोनदा, तीनदा. ज्योत थोडी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. मुलीने तबक खाली ठेवलं.

“झालं?” मेहुण्यांनी विचारलं.

“झालं, मामा.”

ते ज्योतीकडे बघत होते. “एवढंच असतंय व्हय?” ते म्हणाले. माझ्या लग्नापासून आजवर, भाऊबीजेचं औक्षण अखंड पार पडलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मुलगी चहा टाकायला आत गेली. मेहुण्यांनी तबकातली काडेपेटी उचलली, खिशात घातली आणि मागच्या दाराने बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेलो. ते कंपाउंडच्या भिंतीशी उभे राहून पलीकडच्या गाजर गवताची फुलं तोडत होते. चांगली मूठभर तोडली, दोन्ही तळहातांत चुरली, आणि नाक त्यात बुडवून जोरात श्वास घेतला. मग छताऐवजी आभाळाकडे बघत राहिले.

“अहो, हे काय करताय?”

“एक तरी यायला पायजे होती,” ते म्हणाले. “तिनं मागितलं ते दिलं, दाजी. पर घ्यायला ती कुटं हाय?” त्यांनी पुन्हा श्वास घेतला. नाक जागचं हललं नाही. पंचावन्न-साठ दिवसांची पेरणी होती ती, चांगली मुळं धरलेली. ते हिरमुसले होऊन तळहात माझ्यापुढे करत म्हणाले, “बघा बरं, ह्याला वास तरी हाय का? का गवतच बदललंय?”

मला जन्मात कधी कसली ॲलर्जी नाही. मी वाकून वास घेतला. आधी डोळ्यांच्या मागे काहीतरी भरून आल्यासारखं झालं, मग चष्मा नाकावरून निसटला आणि मी शिंकलो. एवढ्या मोठ्याने की भिंतीवरची साळुंकी उडाली. मग दुसरी आली. मग तिसरी. माझ्या अंगात एवढा आवाज होता हे मला साठी उलटल्यावर कळत होतं.

मेहुणे घाईगर्दी न करता उभे राहिले. त्यांनी माझा चष्मा उचलून पुसला. एक हात खिशात होता, तिथे काडेपेटी खुळखुळली. मग त्यांनी विचारलं, अगदी तिच्यासारखं, तेवढ्याच सावकाश, “झाल्या का सगळ्या?”

मी रुमालात तोंड धरून होतो. मी डोळे मिटले आणि एक बोट वर केलं.